कारणाचा रकाना

कामानजाबच्या एकुलत्या टायरवाल्याकडे
भिंतीला टेकून उभी होती चार चाकं,
चंदेरी, पाच पाकळ्यांची, तोंड दिसेल अशी,
आणि मी सरळ तिकडेच गेले.

ओबेद हरासेबने हाताचं ग्रीस
विजारीला पुसलं. म्हणाला,
"डॉक्टरीणबाई, चप्पल घेताना आधी पाय बघतात."

मी डॉक्टरीण नाही. गुरांना लस टोचते.
सेसफोंतेनच्या पुढे, पुरोसच्या वाटेवर
गेल्या महिन्यात माझं असंच एक चंदेरी चाक
मुठीएवढ्या दगडावर...
नाही, खोटं नको,
बोकडाच्या डोक्याएवढ्या दगडावर उललं.
तडा काठापासून थेट नटाच्या भोकापर्यंत.
जादा चाक आदल्याच दिवशी गेलेलं.
शीतपेटीतल्या तीनशे मात्रा
संध्याकाळपर्यंत कोमट झाल्या,
आणि मुहारुकुआंच्या गोठणावर
पहाटेपासून बांधून ठेवलेली वासरं
त्यांनी सोडून दिली.

हरासेब ऐकत होता की नाही, कोण जाणे.
त्याने एवढंच विचारलं:
टपावर वजन किती?
पाण्याचं पिंप भरलेलं असतं की अर्धं?
वाळू किती, खडी किती?
आणि चाक फुटतं तेव्हा
जवळ कोण असतं?
"कोणी नाही."
"मग स्टील."

कोपऱ्यातून एक काळं, पोचा पडलेलं चाक
घरंगळत आणून त्याने आडवं पाडलं
आणि घण उचलला.
सात घाव. आठवा उगाच, मला दाखवायला.
काठ परत गोल झाला. सुबक नाही,
हाताने थापल्यासारखा गोल.
"ते देखणं तडकतं. हे वाकतं, पोचा घेतं, रुसतं,
पण घणाचं ऐकतं."

मग टायर. मला रुंद हवे होते,
दांडगे, पांढऱ्या अक्षरांचे.
त्याने काढले अरुंद आणि उंच,
दहा थरांचे, सोळाच्या रिमवर दोनशे पस्तीस.
कुशीच्या रबरावर अंगठा दाबून म्हणाला,
"दगड इथे चावतो, तळव्याला नाही."
आणि बारीक आकडे वाचायला लावले मला:
कितवा आठवडा, कितवं साल.
एक निघाला सात वर्षांचा,
कोराकरकरीत, अंगावर ओरखडा नाही.
"उभ्याउभ्या म्हातारा झालाय,"
म्हणत त्याने तो अंगणात भिरकावला.
मला उगाचच वाईट वाटलं.

सहा भोकं जुळली. मधलं भोक तुंब्यावर नीट बसलं.
हाताखालच्या पोराने, वेतुनाने, जुनेच नट उचलले
आणि म्हातारा पहिल्यांदा ओरडला:
ते सपाट बुडाचे, त्या चंदेरीचे!
याला निमुळते लागतात.
नाहीतर नट घट्ट वाटतो
आणि बसलेला नसतो.
दुधाच्या पावडरीच्या डब्यातून
चोवीस निमुळते नट निघाले,
आणि एक वरचा.
तो मी मागून घेतला, खिशात टाकला.

खात्याचा अर्ज बॉनेटवर ठेवून भरला.
नग पाच, जादा चाक धरून. रंग काळा.
"बदलण्याचे कारण" या रकान्यात
तीन ओळींची जागा होती.
मी लिहिलं: दगड.

शंभर किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळ,
असं त्याने दोनदा बजावलं होतं.
नव्व्याण्णवला एक मोपानेचं झाड आलं,
सावलीसाठी तिथेच थांबले.
पाना लावला, अंगाचा भार टाकला.
तेवीस हलले नाहीत.
मागच्या डाव्या चाकाचा एक
पाव फेरा फिरला, मग तोही थांबला.
चाकं आधीच धुळीने माखली होती,
कुठून काळी, कुठून रस्त्याच्या रंगाची.

मागे जाऊन पेटी उघडून पाहिली.
बर्फ अजून बर्फच होता.